चुकल्यावर काय होते

माणूस स्वतःकडून फार अपेक्षा ठेवतो म्हणून खचतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. मुलगी रात्र रात्र जागू लागली, तिचे जेवणावरून मन उडाले, की घरातले कोणीतरी तिला जवळ बसवून समजावते, “अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. थोड्या अपेक्षा कमी कर.” बोलणाऱ्याला तिची काळजी असते आणि सल्लाही शहाणपणाचा वाटतो. पण परिपूर्णतेच्या ध्यासावर १९९० नंतर झालेले संशोधन वाचत गेले, तसतसा मला हा सल्ला अपुरा आणि पुष्कळदा भलत्याच जागी दिलेला वाटू लागला. अपेक्षा किती उंच आहेत यावरून त्या मुलीला रात्री झोप लागेल की नाही हे फारसे कळत नाही. चूक झाली की तिच्या मनात काय होते, आणि आपण चुकलो तर लोक आपल्याला काय समजतील असे तिला वाटते, यावरून ते पुष्कळ कळते. हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे.

मानसिक समायोजन हा पाठ्यपुस्तकातला विषय जड वाटतो, पण त्यात येणाऱ्या गोष्टी रोजच्याच आहेत. झोप लागते का, हातातले काम तडीस जाते का, चारचौघांत मिसळावेसे वाटते का, अडचण आली तर कुणाला सांगता येते का, आणि फटका बसला तर माणूस किती दिवसांत सावरतो. परिपूर्णतेचा ध्यास या सगळ्यावर चांगला परिणाम करतो की वाईट, असा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, कारण हा ध्यास एकच एक गोष्ट नाही. हे लक्षात यायला मानसशास्त्राला बराच काळ लागला.

कॅरन हॉर्नी यांनी १९५० मध्ये, माणूस स्वतःच्याच ‘असे असले पाहिजे, तसे असले पाहिजे’च्या जुलमाखाली कसा भरडला जातो, याविषयी लिहिले. त्याच दशकात अल्बर्ट एलिस यांनी आपली उपचारपद्धती उभी केली. माणसाला दुःखी करणाऱ्या अविवेकी समजुतींची त्यांनी यादी केली, आणि आपण प्रत्येक बाबतीत सक्षम आणि यशस्वी असलेच पाहिजे ही समजूत त्या यादीत होती. डेव्हिड बर्न्स यांनी १९८० मध्ये एका लोकप्रिय मासिकातल्या लेखातून हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. या तिघांनाही परिपूर्णतेचा ध्यास हे दुखणे वाटले, आणि ते स्वाभाविकही होते. त्यांनी पाहिलेली बहुतेक माणसे दवाखान्यात आलेली होती. ज्याची शिस्त त्याला सुखाने कामात गुंतवून ठेवते, तो दवाखान्याची पायरी कशाला चढेल? डॉन हॅमाचेक यांनी १९७८ मध्ये दोन प्रकारची माणसे वेगळी करून दाखवली. एकाला कष्टाच्या कामातून समाधान मिळते आणि प्रसंग पाहून तो हात थोडा सैलही सोडू शकतो. दुसऱ्याला केलेले काम कधी पुरेसे वाटतच नाही. ही विभागणी निरीक्षणावर उभी होती. ध्यासाचे वेगवेगळे पैलू मोजणारे साधन यायला आणखी बारा वर्षे गेली.

अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ३५ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात सहा पैलू होते : चुकांची धास्ती, आपण केले ते बरोबर केले का ही शंका, स्वतःचे निकष, आईवडिलांच्या अपेक्षा, आईवडिलांची टीका आणि नीटनेटकेपणा. यातला शेवटचा पैलू बाकीच्यांशी इतका सैल जुळला, की एकूण गुण काढताना तो बाजूला ठेवावा लागला. हा तपशील मला मोलाचा वाटतो. ओट्यावर पाण्याचा थेंब राहू न देणारी, कपाटातल्या साड्यांच्या घड्या एका रेषेत लावणारी बाई आपल्याकडे सर्रास परफेक्शनिस्ट ठरते. तिला त्या कामात निव्वळ आनंदही मिळत असेल. तिच्या कपाटावरून तिच्या मनाचा अंदाज बांधू नये.

बाकीचे पैलू कसे वेगळे पडतात, हे विज्ञान शाखेच्या कोणत्याही प्रयोगशाळेत दिसते. दोन मुली आपापले जर्नल लिहीत आहेत. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजवीकडच्या रेघी पानावर शाईने कृती आणि निरीक्षणे. दोघींचे अक्षर देखणे आहे आणि दोघींना पैकीच्या पैकी गुण हवे आहेत. शाईने लिहिताना चूक झाली, तर पहिली पट्टी ठेवून त्या शब्दावर एक आडवी रेघ मारते आणि पुढे लिहिते. दुसरी त्या पानापाशी अडकते. पान फाडावे तर शिवणीपलीकडचे जोडपान सुटणार, म्हणून ती नवे जर्नल आणते आणि पहिल्या प्रयोगापासून सगळे पुन्हा उतरवायला बसते. सहाव्या प्रयोगापर्यंत पोचते तोवर सबमिशनची तारीख येऊन ठेपते. अर्धवट जर्नल घेऊन मॅडमसमोर उभे राहायचे धाडस होत नाही, म्हणून त्या दिवशी ती कॉलेजलाच जात नाही. स्वतःच्या निकषांचे गुण काढले तर दोघींचे सारखेच येतील. चुकांची धास्ती आणि केलेल्या कामाविषयीची शंका मोजली, की दोघींमधले अंतर दिसते.

या दुसऱ्या मुलीला शिक्षक आळशी म्हणतात. तिच्या बाबतीत याहून मोठा अन्याय नाही. टाळाटाळीवरच्या अभ्यासांतून हेच चित्र पुन्हा पुन्हा पुढे आले आहे : चुकांच्या धास्तीच्या बाजूचे पैलू जोरात असतील तर टाळाटाळ वाढते, आणि निव्वळ उंच निकष असतील तर ती थोडी कमीच होते.

कॅनडातल्या पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये वेगळ्या बाजूने सुरुवात केली. हा आग्रह कोण कुणाकडे धरतो, असे त्यांनी विचारले. त्यांच्या ४५ विधानांच्या प्रश्नावलीत प्रत्येकी १५ विधानांचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात माणूस स्वतःकडे आग्रह धरतो. दुसऱ्यात तो इतरांकडे धरतो; अशा माणसाचा त्रास त्याच्यापेक्षा त्याच्या जोडीदाराला आणि हाताखालच्या लोकांना जास्त होतो. तिसऱ्यात त्याला वाटत असते, की जगाने आपल्याकडे निर्दोष असण्याची मागणी केली आहे आणि आपण तिला पुरे पडलो तरच लोक आपल्याला धरून राहतील.

या तिसऱ्या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. नैराश्य, चिंता, एकटेपणा, हताशपणा आणि आत्महत्येचे विचार यांच्याशी त्याचा संबंध एकामागून एक अभ्यासांत आढळत आला. कारण समजायला कठीण नाही. स्वतःचा निकष स्वतः ठरवलेला असेल, तर तो पुरा झाला की थांबता येते, जड गेला तर बदलता येतो. ‘लोक काय म्हणतील’चा निकष लोकांच्या हातात असतो. तो नेमका किती आहे हे कुणी लिहून देत नाही. शिवाय एकदा चांगले करून दाखवले की पुढच्या वेळी त्याहून चांगले मागितले जाईल असे वाटत राहते, त्यामुळे यशसुद्धा अंगावर येते. अशा माणसाला अभिनंदनाचा फोन आला तरी पोटात गोळा येतो.

पहिल्या भागाचे, म्हणजे स्वतःकडेच आग्रह धरण्याचे, स्वरूप गुंतागुंतीचे आहे. सगळे सुरळीत चालू असताना ही माणसे छान असतात. कष्ट करतात, कामात रमतात. पण ज्या क्षेत्रावर त्यांनी स्वतःला पणाला लावलेले असते तिथे अपयश आले, तर ती इतरांपेक्षा जास्त कोसळतात. ह्युइट आणि फ्लेट यांच्या १९९३ च्या अभ्यासात नैराश्याचे रुग्ण पाहताना हे दिसले : यश-अपयशाशी निगडित ताण आणि स्वतःकडचा आग्रह एकत्र आले की नैराश्य गडद होते.

त्याच वर्षी फ्रॉस्ट, रिचर्ड हाइमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रश्नावल्या एकाच वेळी देऊन त्यांचे सारे पैलू एकत्र तपासले. ते दोन गटांत गोळा झाले. एका गटात उंच निकष, स्वतःकडचा आग्रह आणि त्यांच्या जवळचे पैलू. दुसऱ्यात चुकांची धास्ती, शंका, आईवडिलांच्या अपेक्षा आणि टीका, जगाची मागणी. पहिला गट उत्साहाच्या, आनंदाच्या भावनांशी जुळला, दुसरा नैराश्याशी. पुढच्या साऱ्या संशोधनाला या दोन गटांनी आकार दिला. या पुस्तकात मी पहिल्याला ‘ध्येयाची बाजू’ आणि दुसऱ्याला ‘धास्तीची बाजू’ म्हटले आहे.

धास्तीची बाजू माणसाला नेमकी कशी पोखरते, हे डेव्हिड डंकली, किर्क ब्लँकस्टाइन आणि डेव्हिड झुरॉफ यांच्या कामातून चांगले कळते. त्यांनी मोठ्या संकटांऐवजी रोजच्या किरकोळ कटकटींकडे पाहिले. ज्यांच्यात धास्तीची बाजू प्रबळ असते, त्यांना या कटकटी जास्त जाणवतात, कारण प्रत्येक कटकटीत ते स्वतःची परीक्षा पाहतात. मग ते प्रश्न सोडवण्याऐवजी टाळतात. आणि आपल्याला हात देणारे कुणी आहे, ही खात्री त्यांना नसते. ताण, टाळणे आणि एकटे पडणे या तिन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. निकष उंच आहे की नाही, याचा या साखळीत फारसा प्रश्नच येत नाही.

ही साखळी किती लांबपर्यंत जाते, ते येल विद्यापीठाचे सिडनी ब्लॅट यांनी १९९५ मध्ये एका लेखात मांडले. अत्यंत कर्तबगार माणसांच्या आत्महत्यांपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांत व्हाइट हाउसमधले विधी उपसल्लागार व्हिन्सेंट फॉस्टर होते. त्यांचा मृत्यू जुलै १९९३ मध्ये झाला. मग ब्लॅट यांनी नैराश्यावरील उपचारांच्या एका मोठ्या अमेरिकी सरकारी प्रयोगाचे निष्कर्ष पुन्हा उलगडले. त्या प्रयोगात दोन प्रकारचे मानसोपचार, एक औषध आणि एक निष्प्रभ गोळी यांची १६ आठवडे तुलना केली होती. उपचार कोणताही असो, सुरुवातीला ज्यांच्यात परिपूर्णतेचा हट्ट जास्त होता त्यांना गुण कमी आला. नंतरच्या विश्लेषणांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. अडथळा उपचारांच्या उत्तरार्धात, शेवट जवळ येऊ लागल्यावर आला. आणि या रुग्णांचे डॉक्टरांशी नाते इतरांसारखे घट्ट होत गेले नाही. मला हे वाचून फार वाईट वाटले होते. बरे व्हायला आलेला माणूस उपचारातही उत्तीर्ण व्हायला धडपडतो, मुदत संपत आली आणि आपण पुरते बरे झालो नाही असे दिसले की तिथेही नापास झाल्यासारखा मिटून घेतो, असे मी त्यातून समजले. समुपदेशकांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा अशी माझी विनंती आहे.

आता वादाचा मुद्दा. ध्येयाची बाजू चांगली असेल, तर तिला निरोगी परफेक्शनिझम म्हणावे का? योआखिम श्टोबर आणि कॅथलीन ओट्टो यांनी २००६ मध्ये तोवरचे संशोधन तपासून तिच्या बाजूने बोलणारे बरेच पुरावे गोळा केले. धास्ती कमी असेल तर उंच निकषांची माणसे समाधानी आणि टिकून काम करणारी दिसतात. पण २०१७ मध्ये कॅरीना लिम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी २८४ अभ्यास एकत्र केले, तेव्हा मानसिक विकारांशी दोन्ही बाजूंचा संबंध निघाला. धास्तीचा जास्त, हे खरे, पण ध्येयाच्या बाजूचाही होता, आणि खाण्याच्या विकारांच्या बाबतीत तो दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. ज्या मुलीने वजनाचा आकडाच ध्येय मानला आहे, तिच्या निकषाला निरोगी कसे म्हणणार?

संख्याशास्त्राची एक अडचणही इथे आहे. धास्तीचा भाग गणिताने वजा केला की उरलेले ध्येय फार लोभस दिसते. पण प्रत्यक्षातला माणूस असा वजाबाकी करून येत नाही. त्याच्यात दोन्ही बाजू एकत्र नांदतात. म्हणून पॅट्रिक गॉद्रो यांनी २०१० मध्ये अमांडा थॉम्पसन यांच्याबरोबर दोन्ही बाजूंच्या चार जुळण्या वेगवेगळ्या पाहण्याची रीत सुचवली, आणि पुढे उत्कृष्टतेचा पाठपुरावा आणि निर्दोषतेचा हट्ट या दोन गोष्टी सरळ वेगळ्या मानाव्यात असे मांडले. मी याच मताची आहे. निरोगी परफेक्शनिझम हे नाव मी टाळते. ते ऐकले की ज्याला मदत हवी आहे तो माणूस निश्चिंत होतो आणि मदत मागायचे राहून जाते.

उत्कृष्टतेचा पाठपुरावा कसा असतो, हे पाहायचे तर शास्त्रीय गाण्याच्या तालमीला बसावे. एकच पलटा महिनोन्महिने घोटला जातो. गंधार जरा उतरला की गुरू थांबवतात, स्वतः गाऊन दाखवतात आणि “पुन्हा” म्हणतात. निकष इतका उंच की आयुष्य पुरत नाही. तरी चांगल्या तालमीत शिष्य मोकळ्या गळ्याने चुकतो, कारण चूक हा त्या खोलीतला रोजचा व्यवहार आहे आणि चुकल्यावर गुरूचे प्रेम आटत नाही हे त्याने पाहिलेले असते. अशाही तालमी आहेत जिथे चुकीला अपमानाची शिक्षा मिळते. तिथला शिष्यही तितकाच उंच निकष घेऊन बाहेर पडतो, आणि मैफलीच्या आधी त्याचा घसा बसतो.

टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी २०१९ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र मांडली. ह्युइट-फ्लेट प्रश्नावलीचे तिन्ही भाग वाढलेले निघाले : स्वतःकडचा आग्रह सुमारे १० टक्क्यांनी, इतरांकडचा १६ टक्क्यांनी, आणि जगाची मागणी ३३ टक्क्यांनी. सर्वांत घातक भाग सर्वांत वेगाने वाढला. हे आकडे इंग्रजी बोलणाऱ्या तीन देशांचे आहेत. ते उचलून आपल्या मुलांना चिकटवू नयेत. पण दहावीला शंभर टक्के मिळवणारी मुले दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात, आणि ९६ टक्क्यांच्या मुलाला घरी ‘चार कुठे गेले’ हे ऐकावे लागते, त्या समाजाने हा इशारा कानाआड करू नये.

एका ठिकाणी मात्र पाश्चात्त्य मांडणी आपल्याकडे कमी पडते, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. जगाची मागणी ही तुमची समजूत आहे, ती तपासून पाहा, असे समुपदेशक सांगतो. पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाला हे सांगून पाहा. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी गावाकडून येते, आणि कुठून येते हे त्याला नेमके माहीत असते : यंदाच्या सोयाबीनमधून, किंवा बहिणीचे लग्न पुढे ढकलून. त्याच्यावरची अपेक्षा ही त्याच्या मनाची कल्पना नाही. पूर्व परीक्षेचा निकाल लागतो, यादीत क्रमांक नसतो, आणि संध्याकाळी आईचा फोन येतो. तो सांगतो, “अजून लागला नाही गं निकाल.” पुढच्या आठवड्यात तो फोन उचलायचे टाळतो. दिवाळीला गावी जात नाही. त्याला विचारले तर तो अभ्यासाचे कारण सांगेल. ह्युइट आणि फ्लेट परिपूर्णतेच्या हट्टातून येणाऱ्या तुटलेपणाबद्दल लिहितात, तो हाच. अशा मुलावरची अपेक्षा कमी करणे त्याच्या हातात नसते, आणि ती खोटी आहे हे पटवून देणेही चुकीचे. त्याच्यासाठी काम करण्याची जागा आहे तो फोन. ‘नाही झालं आई’ हे वाक्य घरी बोलता येते का, आणि ते ऐकल्यावर पलीकडून काय येते, यावर त्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

फ्रॉस्ट यांच्या प्रश्नावलीत आईवडिलांच्या अपेक्षा आणि आईवडिलांची टीका हे वेगळे पैलू होते, ते इथे आठवावे. शेतात राबून मुलाला शिकवणाऱ्या बापाने अपेक्षा ठेवू नये असे मी म्हणणार नाही. अपेक्षा हा विश्वासही असतो. मूल हरल्यावर त्याच्याशी कसे बोलायचे, एवढे मात्र शिकून घ्यावे लागते, आणि ते कोणत्याही वयात शिकता येते.

मराठी वाचकाला या विचारांची ओळख अगदीच नवी नाही. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी अनेक वर्षे एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करत आत्मसात केली आणि आपल्याकडे रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत पोचवली. इच्छा आणि हट्ट यांतला एलिस यांनी दाखवलेला फरक या पुस्तकात ठिकठिकाणी येईल. पहिला नंबर यावा ही इच्छा असू द्यावी, कितीही तीव्र असू द्यावी. तो आलाच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल, हा हट्ट सोडवायचा आहे. रॉझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये दुखण्याच्या थराला गेलेल्या ध्यासाची जी व्याख्या केली, तिचाही गाभा असाच आहे : नुकसान होत असूनही माणूस स्वतःची किंमत जवळजवळ संपूर्णपणे कामगिरीवर ठरवत राहतो. तिथून निघालेल्या उपचारात छोटे छोटे प्रयोग करायला देतात. एक पत्र पुन्हा न वाचता पाठवा. जर्नलमध्ये खाडाखोड असलेले पान तसेच दाखवा. काय होईल असे वाटले होते आणि काय झाले, ते दोन्ही लिहून ठेवा. पुस्तकाच्या उत्तरार्धात असे प्रयोग दिले आहेत. ते क्रमानेच करावेत असे नाही, आणि सगळे करावेत असेही नाही.

पालकांनी आईवडिलांवरचे प्रकरण आधी वाचावे. शिक्षकांनी टाळाटाळीवरचे. ज्यांची झोप, जेवण किंवा कामावर जाणे दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडले आहे, किंवा ज्यांच्या मनात जगू नये असे येते, त्यांनी हे पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. फोनवर नेमके काय सांगायचे हे आधी ठरवून, मनाशी घोकून ठेवायची गरज नाही. अडखळत बोललात तरी चालते.